आधी आवाज द्या, मग चाक पुढे घ्या

फूटपाथवर चाकाला मज्जाव नाही, पण तिथे चाकाचा नंबर पायाच्या मागे लागतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं बरंचसं आपोआप जमायला लागतं.

मी एस. टी.त ड्रायव्हर होतो. नाशिकहून कळवण, सटाणा, त्र्यंबक, कसाऱ्याचा घाट, सगळं चालवून झालं. आता निवृत्त आहे आणि संध्याकाळी हिची व्हीलचेअर घेऊन बाहेर पडतो. पक्षाघातानंतर हिची डावी बाजू अजून पूर्ण साथ देत नाही. बरोबर नातू असतो, त्याची किक स्कूटर घेऊन. त्यामुळे चालणारा, खुर्चीवर बसलेली आणि चाकावर सुटणारा, असे तिघेही आमच्याच घरचे. प्रत्येकाला काय दिसतं, काय दिसत नाही आणि कशाची भीती वाटते, हे रोज समोर येतं.

ड्रायव्हिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवली होती: ज्याची गाडी मोठी, त्याने लहानाला सांभाळायचं. ट्रकने कारला, कारने मोटारसायकलला, मोटारसायकलने सायकलला. ही उतरंड फूटपाथवरही तशीच लागू आहे. तिथे सायकलवाला ‘मोठा’ होतो आणि काठी टेकत येणाऱ्या आजी सगळ्यात आधी.

कोण पायी, कोण वाहन

व्हीलचेअर हे वाहन नाही. ते त्या माणसाचं चालणं आहे. बाबागाडी, वॉकर, बाजारहाटाची चाकांची पिशवी, हे सगळे पायीच धरायचे. त्यांना कोणी ‘रस्त्यावरून न्या की’ म्हणत असेल तर त्याला शांतपणे सांगा की फूटपाथ यांच्यासाठीच आहे.

लहान पोरांची सायकल, किक स्कूटर, स्केट्स हे पाहुणे. जागा असेल तर यावं, गर्दी झाली की उतरावं. मोठ्या माणसाने सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने किंवा सायकल ट्रॅकवरून चालवावी आणि फूटपाथवर चढायचंच असेल तर उतरून हातात धरून न्यावी. नाशिकमध्ये अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड करताना पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगवेगळी जागा आखली, त्यामागे हाच विचार आहे. तिथे चालणाऱ्यांनीही सायकलच्या पट्ट्यात घोळका करून उभं राहू नये.

मोटारसायकल, स्कूटर, रिक्षा यांना फूटपाथवर जागाच नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमांत फूटपाथवरून आणि सायकल ट्रॅकवरून मोटार वाहन चालवायला मनाई आहे. सिग्नलला गर्दी आहे, ऑर्डर पोचवायची घाई आहे, क्लासला उशीर होतोय, यातलं एकही कारण चालत नाही. बॅटरीच्या हलक्या दुचाकींबद्दल बरेच जण गल्लत करतात. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आतलं वजन, अशा गाडीला कायदा मोटार वाहन धरत नाही, म्हणून तिला नंबरप्लेट आणि लायसन लागत नाही. पण लायसन लागत नाही याचा अर्थ फूटपाथ मोकळा मिळाला असा होत नाही. वर बसलेल्या माणसासकट ती गाडी सव्वाशे किलोच्या घरात जाते. त्या वजनाचा धक्का म्हाताऱ्या माणसाला बसला तर काय होईल ते सांगायला नको.

वेग किती?

शेजारी माणूस असेल तर त्याच्या चालीइतका. याला अपवाद नाही.

आकडेच मांडतो. माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो. ताशी १५ किलोमीटरने येणारी सायकल सेकंदाला चार मीटरहून जास्त अंतर कापते. डोळ्याला दिसणं, डोक्यात शिरणं आणि हात ब्रेकवर आवळणं यात एक सेकंद जातोच, मग तुम्ही कितीही तरबेज असा. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच चार मीटर संपलेले असतात. समोरच्या लेकराने फुगा पकडायला बाजूला एक पाऊल टाकलं, तर त्याला तेवढाच सेकंद लागतो.

फूटपाथ लांबपर्यंत रिकामा दिसतोय तेव्हा सावकाश धावणाऱ्या माणसाच्या वेगाने जायला हरकत नाही. माणूस दिसला की वेग उतरवायला लांबूनच सुरुवात करा. जवळ येऊन करकचून ब्रेक मारला तरी तुम्ही थांबता, पण तोवर पुढच्याचा जीव घाबरा झालेला असतो आणि घाबरलेला माणूस कुठेही उडी मारतो.

मागून जाताना

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या पाहण्यात फूटपाथवरची बहुतेक धडकाधडक इथेच होते.

हिच्या डाव्या हाताला ताकद कमी आहे. कोणी अगदी पाठीशी येऊन घंटी वाजवली किंवा न बोलता खांद्याला वारा लागेल इतक्या जवळून गेलं की ही दचकते, अंग आखडतं आणि तो हात खुर्चीच्या हातावरून घसरून थेट मागच्या चाकाच्या आऱ्यांकडे जातो. चाक फिरत असेल तर बोटं आत जायला वेळ लागत नाही. म्हणून मी निघतानाच तिच्या मांडीवर टॉवेलची घडी ठेवतो आणि हात त्यावर नीट टेकवतो. तरीही ‘अहो, कोण गेलं ते?’ असं ती विचारते तेव्हा आवाजात कापरं असतं. घंटी वाजवणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट नसतं. त्याला वाटतं, मी घंटी वाजवली, माझं काम झालं.

घंटी वाजवायची ती आठ-दहा मीटर लांबून. एकदाच, हलकी. मग वेग कमी करून जवळ येताना तोंडाने सांगायचं: ‘काका, उजवीकडून येतोय.’ नुसतं ‘साइड, साइड’ किंवा ‘बाजूला व्हा’ म्हणू नका. कुठल्या बाजूला व्हायचं हे समोरच्याला कळत नाही. तो आवाजाच्या दिशेने वळतो आणि नेमका तुमच्या वाटेत येतो. तुम्ही कुठून जाणार हे सांगितलं की त्याला काहीच करावं लागत नाही, तो आहे त्या रेषेत चालत राहिला तरी पुरतं.

आता थांबा आणि बघा. त्याने मान वळवली, हात हलवला, ‘हो’ म्हटला, तरच पुढे जा. काहीच प्रतिसाद नसेल तर त्याला ऐकू आलेलं नाही असंच धरायचं. कानात इअरफोन असतील, वयाने कमी ऐकू येत असेल किंवा तो माणूस कर्णबधिर असेल. मागून बघून यातलं काहीही ओळखता येत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा घंटी बडवून उपयोग नाही. त्याच्या चालीने मागे चला, रुंद जागा आली की हातभर अंतर सोडून जा. नसेल येत तर चाकावरून उतरा.

जाताना ‘धन्यवाद काका’ म्हणा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुमचा आवाज ओळखतो.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून फूटपाथवरही आपली रेषा डावीकडची आणि ओलांडणं उजवीकडून. समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या डावीकडे सरकायचं. अंध व्यक्ती पांढरी काठी फिरवत येत असेल तर हा नियम बाजूला ठेवा. ती पिवळ्या उठावाच्या फरशीच्या आधाराने चालते आहे, तिची वाट बदलायला लावू नका, आपण सरका. त्या फरशीवरच्या लांब पट्ट्या म्हणजे ‘सरळ चला’ आणि गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. त्यावर स्कूटर लावणं म्हणजे तिच्या वाटेत भिंत उभी करणं. आणि मदत करायची असेल तर आधी विचारा. हाताला धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, ती धरेल.

अरुंद जागी आधी कोण

रस्तेबांधणीच्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. एवढ्यात दोन व्हीलचेअर समोरासमोर सहज जातात. पण आपल्या कॉलेज रोडला काय, इंदिरानगरला काय, त्या १.८ मीटरमध्ये विजेचा डीपी येतो, झाडाचा बुंधा येतो, दुकानाची पाटी येते. उरते ती जेमतेम एका खुर्चीची वाट. साधी व्हीलचेअर ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते आणि ढकलणाऱ्याला दोन्हीकडे थोडी जागा लागतेच.

अशा ठिकाणी ज्याला मागे येणं अवघड, त्याने आधी जायचं. चढावर निघालेली खुर्ची मध्येच थांबवली की ती मागे ओढते, सगळा भार ढकलणाऱ्याच्या मनगटावर येतो. बाबागाडी, वॉकर यांचंही तसंच. सायकल किंवा किक स्कूटरवाल्याला एक पाय टेकवला की थांबता येतं, म्हणून त्याने थांबायचं.

व्हीलचेअर ढकलणाऱ्यांसाठी

माझं सगळ्यात जास्त लक्ष पुढच्या दोन छोट्या चाकांवर असतं. मागची चाकं साधारण २४ इंची, ती खड्डाही पचवतात. पुढची जेमतेम ८ इंची आणि स्वतःभोवती फिरणारी. चेंबरच्या झाकणाच्या फटीत किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या खाचेत ती अडकली की खुर्ची जागेवर थांबते, बसलेलं माणूस थांबत नाही. पट्टा लावलेला असला तरच ते माणूस जागेवर राहतं. म्हणून पट्टा चार पावलांसाठीही लावायचाच. जाळी लांबून दिसली की फटींना आडवं जायचं, फटींच्या दिशेने कधीच नाही.

फूटपाथची कडा साधारण १५ सेंटिमीटर उंच. चढताना तोंड कडेकडे ठेवायचं. खुर्चीच्या मागे खाली दोन नळ्या निघालेल्या असतात, त्यातल्या एकीवर पाय दाबायचा आणि त्याच वेळी मुठी आपल्याकडे ओढायच्या. पुढची चाकं उचलली की ती फूटपाथवर ठेवायची, मग मोठी चाकं कडेला भिडवून मांडीच्या जोराने वर न्यायची. उतरताना मात्र उलटं. आपली पाठ रस्त्याकडे, आधी आपण खाली उतरायचं, मग दोन्ही मोठी चाकं एकदम, हळूहळू. उलट उतरण्याआधी मान वळवून रस्ता बघायचा आणि ‘उतरतोय गं’ असं सांगायचं. न सांगता खुर्ची कलली की बसलेल्याच्या पोटात गोळा येतो.

रॅम्प असेल तर उत्तम, पण त्याचा चढ बघून घ्या. मानक १ ला १२ आहे, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबी हवी. जिथे तोच चढ दीड-दोन फुटांत उरकलेला असेल तिथे उतरताना रॅम्पवरूनही पाठीनेच या.

गर्दीत खुर्चीचे पायदान विसरू नका. ते बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्याही पुढे असतात आणि ढकलणाऱ्याला वरून दिसत नाहीत. पुढच्याची टाच नेमकी त्या उंचीला येते. मी पुढच्यापासून दोन पावलं मोकळी ठेवतो. थांबलं की दोन्ही ब्रेक, सपाट जागा असली तरी.

आणि वाटेत भेटणाऱ्यांना एक विनंती. मदत करावीशी वाटणं चांगलंच आहे, पण न विचारता मागून मुठी धरू नका. ‘धरू का?’ एवढं विचारा आणि ते खुर्चीवर बसलेल्या माणसालाच विचारा, ढकलणाऱ्याला नाही.

गेट आणि गल्लीची तोंडं

स्टीअरिंगमागे बसलेल्याला काय दिसतं हे मला चांगलं ठाऊक आहे. बसच्या काचेखाली अगदी नाकासमोर उभं असलेलं लहान मूल सीटवरून दिसत नाही. कारवाल्याला बॉनेट बाहेर येईपर्यंत सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीमुळे फूटपाथ दिसत नाही. आता भिंतीला चिकटून स्कूटरवर वाकलेला पोरगा किंवा खुर्चीवर बसलेली व्यक्ती धरा. दोघंही उंचीने कमी आणि पोराचा वेग चालणाऱ्याच्या तिप्पट. गंगापूर रोडसारख्या ठिकाणी, जिथे थोड्या थोड्या अंतरावर गेट आहे, तिथे प्रत्येक गेटला थांबायचं म्हणजे थांबायचं. भिंतीपासून जितकं लांब राहता येईल तितकं बरं. गाडी उभी दिसली तर ड्रायव्हरचे डोळे शोधा. त्याने तुमच्याकडे पाहिलं तरच समोरून जा, नुसता इंडिकेटर बघून नाही. गाडीवाल्यांनी बाहेर पडताना गेटच्या आतच एकदा पूर्ण थांबावं.

पोरांना कसं शिकवायचं

नातवाला मी आधी थांबायला शिकवलं. पळवायला कोणी शिकवावं लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने दोन रेषा ओढल्या, मधे फूटपाथइतकी जागा. मी त्यातून छत्री घेऊन चालायचो, मधेच थांबायचो, मधेच छत्री आडवी करायचो. त्याने मागून यायचं, लांबून बोलायचं आणि माझं उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. बोलायला विसरला की परत पहिल्या रेषेवर. मग त्याच्या मित्रांनाही हा खेळ आवडला. आता ही पोरं रस्त्याने जाताना ‘काकू, उजवीकडून’ असं ओरडतात आणि काकू हसून वाट देतात.

नवशिक्यांचे स्केट्स आणि स्केटबोर्ड फूटपाथवर नकोतच. स्केटबोर्डला ब्रेक नसतो, पाय घासून थांबावं लागतं आणि घसरलेला बोर्ड एकटाच पुढे जाऊन कोणाच्या तरी पायात शिरतो. त्यासाठी मैदान किंवा रिंक शोधा. हेल्मेट सगळ्यांना. दिवेलागणीनंतर पुढे पांढरा, मागे लाल दिवा. जॉगिंग ट्रॅकवर चाकं न्यायची की नाही ते आधी प्रवेशद्वारावरच्या पाटीवर वाचा. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी बरीच वयस्कर मंडळी डोळे खाली घालून, आपल्या तंद्रीत चालत असतात, तिथे पोरांना स्कूटर घेऊन सोडू नका.

पावसाळ्यात सगळाच हिशेब बदलतो. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ येतं, ओली गुळगुळीत फरशी आणि लोखंडी झाकण यांवर ब्रेक लागत नाही. जून ते सप्टेंबर नातवाची स्कूटर आम्ही पार्किंगपुरतीच ठेवतो.

चालणाऱ्यांनीही

सरळ रेषेत चाला. बाजूला वळण्याआधी मागे एक नजर टाका. चौघं शेजारी शेजारी चालत असाल तर समोरून खुर्ची दिसताच एकामागे एक व्हा. फोन बघायचा असेल तर कडेला थांबून बघा. लहान मुलाचा हात धरा आणि ते रस्त्याच्या बाजूला नाही, आतल्या बाजूला. कुत्र्याचा पट्टा आखूड धरा, आडवा ताणलेला पट्टा किक स्कूटरवाल्याला संध्याकाळी दिसतच नाही. कोणी सांगून जात असेल तर हात वर करून होकार द्या, त्यालाही खात्री हवी असते.

फूटपाथ संपला आणि रस्त्यावर उतरावं लागलं तर येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे उजव्या कडेने चाला. व्हीलचेअरही तशीच न्या. मागून काय येतंय हे आपल्याला दिसत नाही, समोरून येणारं दिसतं.

धडक झालीच तर

थांबा. पळून जाऊ नका, वाद घालू नका. पडलेल्या वयस्कर माणसाला बगलेत हात घालून लगेच उभं करू नका. खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. आधी विचारा कुठे दुखतंय, पाय हलतोय का. डोक्याला मार असेल किंवा ती व्यक्ती रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असेल, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्या, आत रक्तस्राव होऊ शकतो. पक्षाघाताच्या पुष्कळ रुग्णांना या गोळ्या चालू असतात. रुग्णवाहिकेसाठी १०८.

वाटच अडलेली असेल तर

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळ्याविना फूटपाथ वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि फूटपाथ अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, रस्त्यांची कामं निघतात, तेव्हा हे ठामपणे मागायची वेळ हीच आहे. मनपाचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. आपल्या विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. ‘फूटपाथ खराब आहे’ एवढ्यावर काम होत नाही. कुठल्या दुकानासमोर किंवा कितव्या खांबाजवळ, उरलेली रुंदी किती, तिथून खुर्ची जाते की नाही हे लिहा. मी खिशात मोजपट्टी ठेवतो. फोटोत ती पट्टी आडवी धरलेली दिसली पाहिजे आणि तारीख हवी. अर्जाची एक प्रत आपल्याकडे, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.